टाइप २ मधुमेह, हृदय आणि नट्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर ‘नट्स’ म्हणजे बदाम, अक्रोड, काजू, पिस्ते, हेझलनट, पेकान, मॅकाडेमिया आणि ब्राझील नट. शेंगदाण्यांसाठी वेगळा प्रश्न आहे. मनुका, खजूर आणि अंजीर या यादीत धरलेले नाहीत. त्याचं कारण पुढे येईल.

मधुमेह असताना नट्स खाल्ल्याने हृदयाला खरंच फायदा होतो का?

होतो, असं म्हणायला बऱ्यापैकी आधार आहे. सगळ्यांत थेट पुरावा २०१९ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या आणि आरोग्य क्षेत्रातल्या पुरुषांच्या दोन मोठ्या दीर्घकालीन पाहण्या आहेत. त्यांतले मधुमेह असलेले १६,२१७ स्त्री-पुरुष या अभ्यासात घेतले होते. आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा, प्रत्येक वेळी २८ ग्रॅम नट्स खाणाऱ्यांची तुलना महिन्यातून एकदाही न खाणाऱ्यांशी केली. पाच वेळा खाणाऱ्यांमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांचं प्रमाण १७ टक्क्यांनी कमी होतं. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या आजाराचं २० टक्क्यांनी आणि हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचं ३४ टक्क्यांनी कमी होतं. स्ट्रोकच्या बाबतीत मात्र ठळक फरक दिसला नाही.

याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट उपयोगाची आहे. निदान झाल्यानंतर ज्यांनी नट्स खाण्याचं प्रमाण वाढवलं, त्यांच्यातही धोका कमी दिसला. म्हणजे ‘आधीपासून खात आलो असतो तर बरं झालं असतं’ असं म्हणून सोडून द्यायचं कारण नाही.

नट्स खाणारी माणसं मुळातच तब्येतीला जपणारी असतील. मग श्रेय नट्सना का द्यायचं?

शंका रास्त आहे. नट्स खाणारे लोक सरासरीने कमी धूम्रपान करतात, जास्त चालतात, भाज्या जास्त खातात. संशोधक गणिताने हे घटक वेगळे काढतात, पण ते पूर्ण कधीच वेगळे होत नाहीत. म्हणून वरचे टक्के ‘नट्समुळे इतका धोका घटला’ असे वाचू नयेत. ‘नट्स खाणाऱ्यांमध्ये धोका इतका कमी होता’ एवढाच त्यांचा अर्थ.

इथे स्पेनमधली प्रेडिमेड ही चाचणी कामाला येते. तिच्यात हृदयविकाराचा धोका जास्त असलेले पण अजून तो न झालेले ७,४४७ लोक होते आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना टाइप २ मधुमेह होता. एका गटाला भूमध्यसागरी आहारासोबत (भाज्या, फळं, कडधान्यं, मासे आणि ऑलिव्ह तेल यांवर भर असलेला आहार) रोज ३० ग्रॅम नट्स दिले: १५ ग्रॅम अक्रोड, साडेसात ग्रॅम बदाम, साडेसात ग्रॅम हेझलनट. हार्ट अटॅक, स्ट्रोक आणि हृदयविकाराने मृत्यू यांची एकत्रित संख्या, नुसताच चरबी कमी करण्याचा सल्ला मिळालेल्या गटाच्या तुलनेत या गटात सुमारे २८ टक्क्यांनी कमी निघाली. २०१३ साली छापलेला हा निबंध गट पाडण्याच्या पद्धतीतल्या चुकांमुळे मागे घेऊन २०१८ साली दुरुस्त स्वरूपात पुन्हा छापावा लागला. निष्कर्ष मात्र जवळपास तोच राहिला. गंमत म्हणजे या चाचणीत सर्वांत ठळक घट स्ट्रोकमध्येच दिसली, जिथे अमेरिकी पाहणीत काहीच दिसलं नव्हतं. एकेका अभ्यासाच्या आकड्याला फार चिकटून राहू नये, ते यासाठीच.

नट्स शरीरात नेमकं काय करतात?

मुख्य काम एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हटल्या जाणाऱ्या, कोलेस्टेरॉलवर होतं. नट्समधली चरबी बहुतांश असंतृप्त असते. ती लोणी, मलई किंवा तळणीतल्या संतृप्त चरबीची जागा घेते तेव्हा यकृत रक्तातलं एलडीएल जास्त प्रमाणात उचलून घेतं. शिवाय नट्समध्ये फायटोस्टेरॉल असतात. त्यांची रचना कोलेस्टेरॉलसारखी असल्यामुळे आतड्यात शोषणासाठी दोघांत चढाओढ लागते आणि थोडं कोलेस्टेरॉल न शोषता बाहेर जातं. तंतुमय भागाचीही यात मदत होते. अनेक चाचण्या एकत्र पाहता, रोज सरासरी ६७ ग्रॅम नट्स खाल्ल्यावर एलडीएल सुमारे ७ टक्क्यांनी उतरलेलं दिसतं. निम्म्या प्रमाणात खाल्ले तर परिणामही त्या मानाने कमी. ज्यांचं एलडीएल मुळात जास्त आहे त्यांच्यात घट जास्त दिसते आणि सडपातळ लोकांत लठ्ठ लोकांपेक्षा जास्त.

बाकीची कामं लहान पण उपयोगी आहेत. अक्रोडात वनस्पतिजन्य ओमेगा-३ असतं, २८ ग्रॅममध्ये सुमारे अडीच ग्रॅम. बदाम आणि काजू मॅग्नेशियम देतात, त्याच वजनात ७५ ते ८५ मिलिग्रॅम. नट्समधल्या आर्जिनिन या अमिनो आम्लापासून शरीर नायट्रिक ऑक्साइड तयार करतं आणि त्याने धमन्यांच्या भिंती सैल राहतात.

रोज किती खायचे?

२८ ते ३० ग्रॅम, आठवड्यातून निदान पाच दिवस. रोज खाल्ले तरी हरकत नाही. हा आकडा वर सांगितलेल्या अभ्यासांतूनच आला आहे. जास्त खाल्ल्याने तेवढाच जास्त फायदा मिळतो असं नाही. कॅलरी मात्र तेवढ्याच वाढतात.

मोजायचं तर साल न काढलेले मध्यम आकाराचे २३ बदाम, किंवा अक्रोडाच्या १४ अर्ध्या फोडी (म्हणजे ७ अख्खे अक्रोड), किंवा १६ ते १८ काजू, किंवा सोललेले ४९ पिस्ते, किंवा २० हेझलनट, किंवा १० ते १२ मॅकाडेमिया. पिस्ते टरफलासकट घेतले तर वजन साधारण दुप्पट धरा, कारण जवळजवळ अर्धं वजन टरफलाचंच असतं.

‘मूठभर’ हे माप फसवं आहे. मोठ्या हाताच्या माणसाच्या भरगच्च मुठीत ५० ग्रॅमसुद्धा सहज मावतात. त्यापेक्षा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकदाच ३० ग्रॅम मोजा, ते एका लहान वाटीत ओता आणि कुठपर्यंत येतात ते पाहून ठेवा. पुढे तीच वाटी वापरायची. पिशवीत किंवा डब्यात हात घालून खाणं हे प्रमाण बिघडण्याचं सर्वांत नेहमीचं कारण आहे. टीव्हीसमोर बसून खाल्ले तर ३० ग्रॅमचे ९० कधी होतात ते कळतही नाही.

आहेत त्या खाण्यात नट्सची भर घालायची, की काही कमी करायचं?

कमी करायचं. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. नट्सचे जे फायदे चाचण्यांत दिसतात ते बहुतेक वेळा कशाच्या तरी जागी नट्स ठेवल्यावर दिसतात.

याचं उत्तम उदाहरण २०११ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी. टाइप २ मधुमेहाच्या ११७ रुग्णांचे तीन गट केले. एका गटाने रोज सुमारे ७५ ग्रॅम मिश्र नट्स खाल्ले, दुसऱ्याने तितक्याच कॅलरींचे कोंडायुक्त गव्हाचे मफिन खाल्ले, तिसऱ्याने दोन्ही निम्मे निम्मे. तीन महिन्यांनी नट्सच्या गटात एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ०.२१ अंकांनी उतरलं आणि एलडीएलही उतरलं. मफिनच्या गटात तसं झालं नाही. कॅलरी सारख्याच होत्या. बदल झाला तो पिठाच्या जागी नट्स आल्यामुळे.

आता हिशेब. ३० ग्रॅम नट्समध्ये १७० ते २१५ कॅलरी असतात. काजू-बदाम खालच्या टोकाला, मॅकाडेमिया वरच्या. एवढ्या कॅलरी कुठून काढायच्या? सर्वांत सोपी जागा म्हणजे मधल्या वेळचं खाणं. बिस्किटं, चिप्स, केक, गोड न्याहारीचे कुरकुरीत पदार्थ यांतलं जे रोज होतं ते पूर्ण बंद करून तिथे नट्स आणायचे. दुसरी जागा चरबीची. सॅलडवर चीज किंवा क्रीमी ड्रेसिंग घालत असाल तर ते काढून १५ ग्रॅम भरडलेले अक्रोड घाला. तिसरी जागा मांसाची: आठवड्यातून दोनदा सॉसेज किंवा बेकनसारखं प्रक्रिया केलेलं मांस खाणाऱ्यांना तिथे नट्स आणि कडधान्यं आणल्याने हृदयाच्या दृष्टीने सर्वांत मोठा लाभ होतो.

फळ किंवा भाजी काढून तिथे नट्स आणणं मात्र उलटा व्यवहार. तसं करू नका.

नट्सने वजन वाढेल, ही भीती खरी आहे का?

वर सांगितल्याप्रमाणे अदलाबदल केली तर नाही. चाचण्यांमध्ये नट्स खाणाऱ्यांचं वजन सहसा वाढलेलं दिसत नाही. एक कारण म्हणजे पोट भरल्याची भावना टिकते आणि पुढच्या जेवणात माणूस आपोआप थोडं कमी खातो. दुसरं कारण जास्त रंजक आहे. नट्समधलं तेल पेशींच्या कठीण भिंतींमध्ये कोंडलेलं असतं. आपण कितीही चावलं तरी त्यातल्या बऱ्याच पेशी अख्ख्याच राहतात आणि त्यांतलं तेल न पचता बाहेर पडतं. त्यामुळे अख्ख्या बदामांतून शरीराला लेबलवरच्या हिशेबापेक्षा सुमारे एक चतुर्थांश कमी कॅलरी मिळतात. अक्रोडाचंही साधारण तसंच. भाजून तुकडे केले की हा फरक कमी होतो आणि अगदी बारीक वाटून बटर केलं की जवळजवळ नाहीसाच होतो.

तरीही रोज १०० ग्रॅम खाऊन बाकी आहार तसाच ठेवला तर वजन वाढणारच. तिथे पेशींच्या भिंती वाचवायला येणार नाहीत.

रक्तातली साखर नट्सने वाढते का?

फारच थोडी. २८ ग्रॅम बदामात सुमारे ६ ग्रॅम कर्बोदकं असतात आणि त्यांतली साडेतीन ग्रॅम तंतू. उरली अडीच ग्रॅम. अक्रोड आणि पेकान यापेक्षाही कमी. काजूमध्ये मात्र ८ ते ९ ग्रॅम कर्बोदकं आणि तंतू जेमतेम एक ग्रॅम, म्हणून कर्बोदकं मोजून इन्सुलिन घेणाऱ्यांनी काजू हिशेबात धरावेत.

पाव, भात किंवा बटाट्यासारख्या पदार्थासोबत नट्स खाल्ले तर जेवणानंतरचा साखरेचा चढ थोडा बसका होतो, कारण चरबी आणि प्रथिनांमुळे जठर सावकाश रिकामं होतं. पण चढ बसका होण्यासाठी पिष्टाचं प्रमाणही आटोक्यात हवं. मोठ्या ताटभर पिष्टावर चार बदाम टाकून काही होत नाही.

तुमच्या शरीरात काय होतं हे ग्लुकोमीटरवर स्वतः पाहता येतं. तीन दिवस नेहमीचा नाश्ता करा, खाण्याआधी आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी साखर तपासा. पुढचे तीन दिवस त्याच नाश्त्यातलं पिष्ट सुमारे एक तृतीयांश कमी करून ३० ग्रॅम बदाम किंवा अक्रोड घ्या आणि तसंच तपासा. औषधं, चालणं आणि झोप सहाही दिवस शक्य तितकी सारखी ठेवा. घरचं मीटर १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे दाखवू शकतं, त्यामुळे एका दिवशी १० मिलिग्रॅमचा फरक पडला तर त्याला अर्थ नाही. तीन दिवसांची सरासरी ३०-४० ने उतरली असेल तर बदल खरा.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या चालू असतील तर पिष्ट कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला. डोस तोच आणि पिष्ट कमी, म्हणजे साखर खाली घसरण्याला आमंत्रण.

साखर एकदम खाली गेली तर मूठभर काजू खाल्ले तर चालतील?

नाही. ही चूक धोक्याची आहे. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली असता लगेच रक्तात उतरणारी १५ ग्रॅम साखर हवी: ग्लुकोजच्या गोळ्या, ग्लुकोज पावडर किंवा तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून. नट्समधली चरबी शोषण लांबवते, म्हणजे नेमकं नको तेच करते. चॉकलेटचंही तेच. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, अजूनही ७० च्या खाली असेल तर पुन्हा १५ ग्रॅम. साखर वर आल्यावर पुढचं जेवण लांब असेल तर मग थोडे नट्स आणि थोडं पिष्ट खायला हरकत नाही.

अकार्बोज किंवा व्होग्लिबोज या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी अशा वेळी ग्लुकोजच घ्यावं. ही औषधं साध्या साखरेचं विघटन रोखतात, त्यामुळे साखरेचं पाणी वेळेवर काम करत नाही.

सगळ्यांत चांगला नट कोणता?

एकच निवडायचा तर अक्रोड. ओमेगा-३ त्याच्याइतकं दुसऱ्या कोणत्याही नेहमीच्या नटात नाही. पण आमचा सल्ला आलटून पालटून खाण्याचा आहे. बदामात तंतू आणि ई जीवनसत्त्व जास्त. पिस्त्यांचा एक फायदा पुस्तकी नाही, व्यवहारातला आहे: टरफल सोलत खावे लागत असल्याने वेग मंदावतो आणि समोरचा टरफलांचा ढीग किती खाल्ले ते दाखवत राहतो. काजूत संतृप्त चरबी बदामाच्या दुप्पट, तरी लोण्याच्या मानाने ती नगण्य. तेव्हा काजूला बदनाम करायचं कारण नाही.

ब्राझील नटचं प्रकरण वेगळं. एका नटात ७० ते ९० मायक्रोग्रॅम सेलेनियम असू शकतं आणि प्रौढांसाठी दिवसाची वरची मर्यादा ४०० आहे. रोज मूठभर खाल्ले तर केस गळणं, नखं ठिसूळ होणं, तोंडाला लसणासारखा वास येणं अशी सेलेनियमच्या विषबाधेची लक्षणं दिसतात. दिवसाला एक, फार तर दोन.

शेंगदाणे चालतात का?

चालतात. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते शेंगवर्गातले, पण चरबीची ठेवण नट्ससारखीच आणि प्रथिनं थोडी जास्तच, २८ ग्रॅममध्ये ७ ग्रॅम. २०१९ च्या अभ्यासात शेंगदाण्यांचा संबंध सर्व कारणांनी होणाऱ्या मृत्यूंच्या घटीशी दिसला, हृदयविकाराच्या घटीशी मात्र झाडावरच्या नट्सइतका स्पष्ट दिसला नाही. म्हणून केवळ शेंगदाण्यांवर न थांबता आठवड्यातले दोन-तीन दिवस तरी अक्रोड किंवा बदाम असावेत.

मनुका, खजूर, अंजीर? आणि खोबरं?

मनुका, खजूर, अंजीर ही वाळवलेली फळं. पाणी उडून गेल्यावर मागे राहते ती एकवटलेली साखर. मनुकांच्या वजनात निम्म्याहून जास्त साखर असते. मिश्र पाकिटात नट्ससोबत हीच फळं भरलेली असतात आणि वजनाने तीच जास्त असू शकतात. मिश्रण घरीच करा.

सुकं खोबरं नट्सच्या बरोबरीने डब्यात असलं तरी त्याची चरबी जवळजवळ सगळी संतृप्त असते. हृदयासाठी नट्स खायचे या हिशेबात ते धरू नका.

खारवलेले, भाजलेले, मधात घोळवलेले नट्स?

बिनमिठाचे कच्चे किंवा कोरडे भाजलेले घ्या. रक्तदाब वाढलेला असेल तर मीठ टाळण्याला आणखी महत्त्व. लेबलवर १०० ग्रॅममागे सोडियम १२० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असेल तर ठीक. घटकांच्या यादीत नट्सशिवाय तेल, साखर, ग्लुकोज सिरप, मध किंवा माल्टोडेक्स्ट्रिन दिसलं तर पाकीट परत ठेवा.

घरी भाजायचे तर ओव्हन १४० अंश सेल्सिअसला तापवा, ट्रेमध्ये नट्स एकाच थरात पसरा, १२ ते १५ मिनिटं ठेवा आणि मध्ये एकदा हलवा. आतून फिकट सोनेरी दिसले की बाहेर काढून लगेच दुसऱ्या थंड ताटात ओता. गरम ट्रेमध्येच राहिले तर ते भाजत राहतात आणि कडवट होतात. तपकिरी होईपर्यंत भाजू नका: बदामात जास्त तापमानाला अ‍ॅक्रिलामाइड तयार होतं आणि अक्रोडातलं तेल बिघडतं. अक्रोड न भाजलेलेच बरे.

बदाम भिजवून, साल काढून खावेत का?

भिजवल्याने चावायला सोपे जातात, एवढाच खात्रीचा फायदा. दात दुखत असतील, कवळी असेल तर जरूर भिजवा. साल मात्र ठेवा. तंतू आणि पॉलिफेनॉल यांचा चांगला वाटा सालीतच असतो. आणि ३० ग्रॅम भिजवण्याआधी मोजा, कारण पाणी शोषल्यावर वजन वाढतं.

नट बटर, बदामाचं दूध, अक्रोडाचं तेल यांनी तोच फायदा मिळतो?

बटर चालेल, पण त्यात फक्त नट्स असावेत. दोन मोठे चमचे म्हणजे ३२ ग्रॅम आणि सुमारे १९० कॅलरी. चमचा सपाट धरायचा. वर डोंगर केला की दीडपट होतं. वर तरंगलेलं तेल ओतून देऊ नका, ढवळून मिसळा, नाहीतर खाली कोरडा गोळा उरतो. विकतच्या बदामाच्या दुधात बदाम अनेकदा दोन-तीन टक्केच असतात, बाकी पाणी. दूध म्हणून प्यायला हरकत नाही, नट्सची भरपाई म्हणून त्याचा उपयोग नाही. तेलात तंतू आणि प्रथिनं नसतात.

मूत्रपिंडाचा त्रास आहे. नट्स बंद करावेत का?

सरसकट नाही. मधुमेहात मूत्रपिंडं कमजोर होणं वारंवार दिसतं, म्हणून हे थोडं सविस्तर. प्रश्न पोटॅशियम आणि फॉस्फरसचा असतो. २८ ग्रॅम पिस्त्यांत पोटॅशियम सुमारे २९० मिलिग्रॅम, बदामात २०० च्या आसपास, अक्रोडात १२५, मॅकाडेमियात सुमारे १००. नट्समधलं फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेलं असल्याने मांस किंवा प्रक्रिया केलेल्या पदार्थांतल्या फॉस्फेटपेक्षा बरंच कमी शोषलं जातं. रक्तातलं पोटॅशियम नॉर्मल असेल तर सुरुवातीच्या टप्प्यात ३० ग्रॅम सहसा चालतात. ते वाढलेलं असेल, डायलिसिस चालू असेल किंवा पोटॅशियम वाढवणारी औषधं चालू असतील तर प्रकार आणि प्रमाण दोन्ही किडनीतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्या. ऑक्झलेटचे मूतखडे होत असतील तर बदाम कमी करा, त्यांत ऑक्झलेट भरपूर असतं.

नट्स सुरू केल्यावर स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध) बंद करता येईल का?

नाही. मध्यम डोसचं स्टॅटिन एलडीएल ३० ते ४९ टक्क्यांनी उतरवतं, जोरदार डोसचं ५० टक्के किंवा जास्त. नट्स फार तर पाच-सात टक्के. मधुमेहात हृदयविकाराचा धोका साधारण दुपटीचा असतो, त्यामुळे एलडीएलची उद्दिष्टं कडक आहेत: चाळिशीनंतर बहुतेकांसाठी ७० च्या खाली, हृदयविकार आधीच झालेला असेल तर ५५ च्या खाली. औषध असताना नट्स उपयोगी आहेत, औषधाऐवजी नाहीत.

इतर कोणत्या औषधांशी जपायचं?

थायरॉइडसाठी लेव्होथायरॉक्सिन घेत असाल तर गोळी आणि अक्रोड यांत काही तासांचं अंतर ठेवा. अक्रोड आणि तंतुमय पदार्थ तिचं शोषण कमी करतात. सकाळी उपाशीपोटी गोळी घेऊन नट्स दुपारी खाणं सर्वांत सोयीचं. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरीन घेणाऱ्यांनी काजू किंवा चिलगोजे खायचे तर प्रमाण दर आठवड्याला सारखं ठेवावं, त्यांत थोडं के जीवनसत्त्व असतं.

कोणी नट्स टाळावेत किंवा वेगळ्या स्वरूपात घ्यावेत?

अ‍ॅलर्जी असलेल्यांनी पूर्ण टाळावेत, ‘थोडं थोडं खाऊन सवय करू’ हा प्रयोग घरी करू नये. खाल्ल्यावर ओठ-जीभ सुजणं, अंगावर गांधी, श्वास लागणं असं झालं तर ती तातडीची वेळ आहे.

बरीच वर्षं मधुमेह असलेल्या काहींचं जठर नीट रिकामं होत नाही: दोन घासांत पोट भरतं, तासांनंतरही जड वाटतं, ओकारी येते. अशांना अख्खे नट्स त्रास देतात, कारण चरबी आणि तंतू दोन्ही जठराला आणखी मंद करतात. एक-दोन चमचे गुळगुळीत नट बटर झेपेल तर घ्यावं. सेमाग्लुटाइडसारखं मधुमेहाचं इंजेक्शन नुकतंच सुरू झालेलं असेल तरीही काही आठवडे १० ग्रॅमपासूनच चढत जा.

ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक प्रकारची चरबी) १,००० च्या वर असतील तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. तेव्हा सगळीच चरबी, नट्ससकट, डॉक्टर सांगतील तोवर बाजूला. गिळताना ठसका लागणाऱ्यांनी आणि पाच वर्षांखालच्या मुलांनी अख्खे नट्स खाऊ नयेत, पूड किंवा बटर ठीक.

सुरू केल्यापासून पोट फुगतं. काय करू?

एकदम ३० ग्रॅमवर उडी मारली असेल. पहिला आठवडा १० ग्रॅम, दुसरा २०, मग ३०. नीट चावा, पाणी पुरेसं प्या. रात्री झोपताना खाऊ नका.

रिपोर्टमध्ये फरक कधी दिसेल?

लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या कोलेस्टेरॉल आणि चरबीची तपासणी) ६ ते १२ आठवड्यांनी, एचबीए१सी तीन महिन्यांनी करा. त्याआधी तपासण्यात पैसे घालवू नका. एलडीएल पाच टक्के उतरलं तर ते १२० चं ११४ होतं, आणि इतका फरक तर एकाच माणसाच्या दोन रिपोर्टमध्ये काही न करताही पडू शकतो. म्हणून एका रिपोर्टवरून ‘नट्सचा उपयोग झाला नाही’ असं ठरवू नका. वजन दोन किलोने वाढलेलं दिसलं तर मात्र अदलाबदल झाली नसून नुसती भर पडली आहे, असं समजा.

नट्स खवट झाले की बुरशी लागली, हे कसं ओळखायचं?

खवट नटाला जुन्या तेलाचा किंवा ऑइल पेंटसारखा वास येतो आणि घशात चरचरतं. अक्रोड सर्वांत आधी खवट होतात, तेही फोडलेले असतील तर लवकर. हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये सहा महिने आणि फ्रीझरमध्ये वर्षभर टिकतात. फ्रीझरमधून काढल्यावर डबा लगेच उघडू नका, आत दमटपणा धरतो. बुरशीचा डाग, भुकटी किंवा कुबट वास असेल तर फक्त तो दाणा नाही, सगळी पिशवी टाका: बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक असतं आणि भाजल्याने पूर्ण नष्ट होत नाही.

एखादा बदाम झोंबणारा कडू लागला तर थुंका आणि चूळ भरा. कडू बदामात सायनाइड सोडणारं अमिग्डालिन असतं. चुकून एखादा पोटात गेला तर मोठ्या माणसाला सहसा काही होत नाही, पण कडू बदाम औषधी समजून मुद्दाम खाऊ नका आणि लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.